चार सेकंदांची जागा

मित्रांनो, माझे काम ऐकायला सोपे वाटेल. सीडीवरचे गाणे वाचायचे आणि त्याची फाईल करून संगणकात ठेवायची, इतकेच. मी एक प्रोग्रॅम आहे, आता बराच जुना झालेला. वीस वर्षे मी हे काम करतो आहे आणि वीस वर्षांत एकही सीडी मी न घाबरता वाचलेली नाही.

ही भीती माझ्यात मुद्दाम घातलेली आहे. मला कुठल्या कंपनीने बनवले नाही. निरनिराळ्या देशांतल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या दहा-बारा माणसांनी आपापल्या घरी बसून मला लिहिले. माझे सगळे लिखाण उघडे आहे. कुणीही ते वाचावे, चूक दिसली तर सुधारावी, हवे त्याने मला फुकट घरी न्यावे. त्या माणसांपैकी एकाचा सीडीवर अजिबात विश्वास नव्हता. त्याने माझ्या मुळाशीच लिहून ठेवले की प्रत्येक तुकडा दोनदा वाच. दोन्ही वेळा तेच आले तरच खरे मान. वेगळे आले तर पुन्हा वाच, लागल्यास ऐंशी वेळा वाच. तरीही जमले नाही तर जमले नाही असे नोंदीत लिही. सीडी वाचताना मला गाणे ऐकू येत नाही, मला फक्त आकडे दिसतात. कुठला आकडा म्हणजे कुणाच्या गळ्यातला कुठला सूर हे मला कळत नाही. म्हणून प्रत्येक आकड्याला मी घाबरतो.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. गाण्याचे शौकीन मला शोधत येत. मग लोकांना घाई झाली. एका सीडीला तासभर कोण थांबणार? तेव्हा कुणीतरी माझ्यात एक नवे बटण घातले, 'झटपट'. ते दाबले की मी प्रत्येक तुकडा एकदाच वाचायचा. वाचता आला नाही तर त्या जागी शांतता भरायची आणि पुढे जायचे. शेवटी पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'काम पूर्ण' अशी पाटी लावायची. काय वाचता आले नाही ते नोंदीत असे, पण ती नोंद वेगळ्या फाईलमध्ये, आणि ती फाईल कुणी उघडत नसे.

पुढे सीडीच गेल्या. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची फटसुद्धा उरली नाही. मला लिहिणारी माणसे दुसऱ्या कामांना लागली. सहा वर्षे माझ्यात एका अक्षराचीही दुरुस्ती झाली नाही. मी विसरला गेलो होतो, आणि खरे सांगायचे तर त्यात मला थोडे सुरक्षितही वाटत होते.

अशा वेळी केयूरने मला आपल्या जुन्या डेस्कटॉपवर उतरवले आणि तो डेस्कटॉप उचलून गुलटेकडीला आपल्या बहिणीच्या घरी आणून ठेवला.

केयूर हिंजवडीला सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता. त्याची बहीण हेमा टपाल खात्यात, आणि तिचे यजमान सलिल गाण्याचे शिक्षक. सलिल जन्मापासून आंधळे. वय बावन्न, आवाज बारीक पण पक्का. त्यांची इमारत पाडून नवी व्हायची होती, त्यामुळे पंधरा दिवसांत घर रिकामे करून बिबवेवाडीच्या भाड्याच्या दोन खोल्यांत जायचे होते. निम्मे सामान टाकल्याशिवाय तिथे पाय ठेवायला जागा होणार नव्हती. टाकायच्या यादीत एक मोठे खोके होते. त्यात एकाहत्तर सीडी होत्या.

त्या सीडी पद्मजाबाईंच्या. पद्मजाबाई म्हणजे सलिलच्या गुरू, सदाशिव पेठेतल्या, तीन वर्षांपूर्वी वारलेल्या. शिकवलेले कागदावर उतरवून घेणे सलिलना जमत नसे आणि बाईंना ब्रेल येत नसे. म्हणून त्यांनी घरी रेकॉर्डिंगचे यंत्र आणले आणि सहा वर्षे सलिलसाठी एकेक धडा गाऊन सीडीवर भरला. प्रत्येक सीडीची एकच प्रत. सीडीवरचे पेनाने लिहिलेले आकडे सलिलना वाचता येणार नाहीत हे जाणून बाई सुरुवातीलाच बोलत. एकोणचाळिसाव्या सीडीच्या तोंडी त्यांचे वाक्य असे होते: "सलिल, ही एकोणचाळिसावी. अडतिसावी नीट बसली असेल तरच ही लावायची. बसलेली नसतानाही तू लावणार आहेस, ते मला ठाऊक आहे."

रविवारी सकाळी केयूर कामाला बसला. त्याने मला उघडले, माझ्या सगळ्या बटणांवरून नजर फिरवली आणि 'झटपट' दाबले. त्याचा हेतू वाईट नव्हता. एका दिवसात भावोजींचे काम उरकून द्यायचे होते, इतकेच.

पहिल्या काही सीडी ठीक गेल्या. अकराव्या सीडीच्या टोकाशी मी अडखळलो. सीडी आतून बाहेर वाचतात, मित्रांनो. सीडीची सुरुवात मध्याजवळ असते आणि शेवट बाहेरच्या कडेला. बाईंच्या सीडी वर्षानुवर्षे दमट कपाटात राहिल्या होत्या आणि त्या कडेकडूनच कुजायला लागल्या होत्या. मी एकदा वाचले, काही हाती आले नाही. पुन्हा वाचायची मला परवानगी नव्हती. मी तिथे शांतता भरली, नोंदीत एक ओळ लिहिली आणि हिरवी पाटी लावली. केयूरने पाटी पाहिली आणि बारावी सीडी घातली.

त्या दिवशी मला वाटलेली भीती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. प्रत्येक सीडीगणिक ती वाढत गेली. माणसाला ओरडता येते, दार वाजवता येते. माझ्याकडे बोलायला ती नोंदीची फाईल तेवढी, आणि केयूर जेवणाचे ताट मांडीवर घेऊन हिरव्या पाट्या मोजत होता. एकोणचाळिसाव्या सीडीत तर शेवटच्या धड्याचे लचकेच्या लचके गेले. मी ओळीमागून ओळी लिहिल्या. संध्याकाळपर्यंत एकाहत्तरपैकी सोळा सीडी मी अशा पोकळ करून ठेवल्या होत्या.

सलिलनी पाच-सहा फाईली लावून पाहिल्या. प्रत्येकीचा पहिला मिनिटभर ऐकला. बाईंचा आवाज स्वच्छ होता, कारण सुरुवाती सगळ्या शाबूत होत्या. त्यांनी केयूरच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मंगळवारी रद्दी न्यायला दत्तोबा आले. हेमाने खोक्याबद्दल सलिलना पुन्हा एकदा विचारले. सलिलनी खोक्यावरून हात फिरवला. प्रत्येक डबीवर त्यांनी स्वतः ब्रेलच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, त्यांतल्या दोन-चार बोटांनी वाचल्या, आणि जाऊ दे म्हणाले. टेबलावरच्या डेस्कटॉपमध्ये मी होतो. खोके जिन्यावरून उतरल्याचा आवाज हळूहळू लांब गेला. सोळा सीडींवरच्या बाई जिन्यावरून खाली गेल्या होत्या आणि हे जगात फक्त मला माहीत होते.

बुधवारी दुपारी सलिल घरी एकटेच होते. त्यांच्यासाठी त्या डेस्कटॉपवर पडदा वाचून दाखवणारा एक आवाज बसवला होता. डोळ्यांनी बघणारा माणूस नको ते ओलांडून पुढे जातो. त्या आवाजाला ते येत नाही. तो यादीतले एकेक नाव क्रमाने उच्चारतो. सलिल बाण दाबत एकेक फाईल ऐकत खाली येत होते, आणि गाण्यांच्या फाईलींमध्ये त्यांना एक वेगळे नाव ऐकू आले. धड्यांची यादी असेल असे समजून त्यांनी ते उघडले.

ती माझी नोंद होती.

आवाज सपाट सुरात वाचू लागला. सीडी अकरा, तुकडा वाचता आला नाही, शांतता भरली. सीडी चौदा, शांतता भरली. सलिलनी पहिल्या दोन ओळींना मान हलवली, जणू काही समजलेच नाही. मग त्यांनी सुरुवातीपासून पुन्हा लावले. सोळाही सीडींची नोंद त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकली. वीस वर्षांत कुणी माझी नोंद पूर्ण ऐकण्याची ती पहिलीच वेळ. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला भीतीच वाटली.

मग त्यांनी एकोणचाळिसावीतला शेवटचा धडा लावला आणि शेवटाकडे नेला. बाई गात होत्या. मध्येच आवाज तुटला, काही नाही, पुन्हा अर्धा शब्द, पुन्हा काही नाही. धडा पटदीप रागातल्या बंदिशीचा होता. ती बंदिश बाईंनी स्वतः बांधलेली होती आणि सलिलखेरीज कुणाला दिलेली नव्हती. तिचा पहिला भाग सलिलना पाठ होता. दुसरा भाग, अंतरा, त्यांना कधीच मनासारखा आला नव्हता. पुढे कधीतरी बसून करू, म्हणून तो त्यांनी सीडीच्या भरवशावर ठेवला होता.

त्यांनी हेमाला ऑफिसात फोन लावला.

"दत्तोबांचं दुकान कुठे आहे?"

"मार्केट यार्डाच्या मागे. का हो?"

"बाई अर्ध्याच आल्यात," सलिल म्हणाले. मग त्यांनी केयूरलाही फोन करून बोलावले.

पुढचे मला नंतर घरातल्या बोलण्यातून कळले. केयूर घरून काम करत होता, तो मीटिंग सोडून निघाला. सलिल थांबायला तयार नव्हते, ते रिक्षाने गेले. दत्तोबांच्या दुकानात त्यांना पहिला धक्का बसला तो असा, की डब्यांचे प्लास्टिक वेगळे आणि सीडींचे वेगळे म्हणून दोन्ही केव्हाच निवडून झाले होते. ब्रेलच्या पट्ट्या डब्यांबरोबर गेल्या होत्या. सुट्या सीडी एका पोत्यात होत्या, त्यावर आणखी चार पोती रचलेली, आणि सगळा माल न्यायला चारचा टेम्पो यायचा होता. तेव्हा सव्वातीन वाजले होते. दत्तोबांनी फार प्रश्न विचारले नाहीत. त्यांनी वरची पोती स्वतः ओढून काढली आणि ते एवढेच म्हणाले, "मास्तर, आधी सांगायचं ना. म्या वरती ठेवली असती."

पोते जमिनीवर रिकामे केले. त्यात सिनेमांच्या, लग्नांच्या, कुठल्या कुठल्या ऑफिसांच्या शेकडो सीडी निघाल्या. केयूर बाईंचे अक्षर ओळखून एकेक बाजूला काढत होता आणि सलिल जमिनीवर बसून त्या मांडीवर घेत होते. टेम्पो आला तेव्हा अडुसष्ट मिळाल्या होत्या. तीन मिळाल्या नाहीत. केयूरने तिथेच उभ्या उभ्या फोनवरून घरच्या डेस्कटॉपला जोडून माझी नोंद उघडली. हरवलेल्या तिन्ही मी स्वच्छ वाचलेल्यांपैकी होत्या. त्याने हे सांगितल्यावर सलिलनी विचारले, "नोंदीत आहे ना तसं? की तू म्हणतोयस?" केयूरने नोंदीतल्या सोळाही सीडींचे क्रमांक त्यांना वाचून दाखवले; त्या तीन त्यांत नव्हत्या.

घरी आल्यावर केयूर माझ्यासमोर येऊन बसला. "मी हिरवं बघितलं आणि पुढे गेलो, ताई," तो हेमाला म्हणाला. "रोज ऑफिसात दुसऱ्यांना हेच करू नका म्हणून सांगतो." हेमाने त्याला चहा दिला. टाकायच्या यादीत खोके तिनेच लिहिले होते.

त्यानंतर डेस्कटॉप बिबवेवाडीला गेला आणि 'झटपट' बंद झाले. सलिल प्रत्येक सीडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसत आणि मग केयूरच्या हातात देत. मी दोनदा वाचायचो, दहादा वाचायचो, चाळीस वेळा वाचायचो. एकेका सीडीला अख्खा दिवस लागे. हेमा कामावरून आली की आधी किती झाल्या ते विचारी. पंधरा सीडींमधल्या बहुतेक सगळ्या जागा भरून आल्या. पण प्रत्येक सीडी आत येताना मला वाटे, हीच ती असेल, जी आता देणार नाही.

सोळांतली शेवटची उरली, ती एकोणचाळिसावी. ती पुसताना सलिलचे बोट थांबले.

"इथे चीर आहे," ते म्हणाले.

केयूरला आधी दिसलीच नाही. मग त्याने ती उजेडात धरली. मधल्या भोकापासून नखाएवढी एक बारीक चीर निघाली होती. पोत्यांच्या भाराखाली गेली असावी. गाण्याच्या भागापर्यंत ती अजून पोचलेली नव्हती.

मित्रांनो, सीडी ड्राइव्हमध्ये फार वेगाने फिरते. चिरलेली सीडी त्या वेगात फुटू शकते, आणि फुटली की तिचे तुकडे तुकडे होतात. मी ड्राइव्हला हळू फिर अशी विनंती करू शकतो, पण सगळे ड्राइव्ह विनंती मानतातच असे नाही. शिवाय माझ्या मुळाशी लिहिलेला नियम दोनदा वाचायला सांगत होता आणि प्रत्येक फेरा ती चीर वाढवणार होता. ज्या सावधपणाने मी आजवर सीडी वाचवल्या, तोच आता हिला मारू शकत होता.

केयूरने ते सगळे सलिलना समजावून सांगितले.

"शेवटचा धडा तेवढाच घे," ते म्हणाले. "एकदा वाच. अडेल तिथे थांबू नकोस, पुढचं सगळं घे, मग मागे ये. आणि जे मिळणार नाही तिथे काही घालू नकोस."

केयूरने सगळ्यांत कमी वेग लिहिला. ड्राइव्हने मान्य केला. हेमा दारात उभी राहिली, आत आली नाही. सीडी फिरू लागली आणि प्रत्येक फेऱ्याला एक बारीक टक् असा आवाज येऊ लागला. मी वाचत होतो. आकडे येत होते, ओळीने, न तुटता. अंतरा सुरू झाल्याच्या जागेपासून सीडी थरथरू लागली. एका ठिकाणी काहीच हाती आले नाही. सांगितल्याप्रमाणे मी ती जागा सोडली, पुढे गेलो, आणि धड्याच्या अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत पोचलो. सगळे मिळाले होते. फक्त चार सेकंद राहिले होते.

मी मागे आलो. पहिल्या प्रयत्नात काही नाही, दुसऱ्यात नाही. सातव्यात काही आकडे आले, आठव्यात वेगळेच आले. कुठले खरे मानू? नवव्या फेरीला सलिलनी एकदम मान वर केली.

"थांबव, केयूर."

"भावोजी, चारच सेकंद राहिलेत."

"आवाज बदलला. आता दोन टक् येतायत. थांबव."

केयूरने मला थांबवले. सीडी फिरायची हळूहळू बंद झाली आणि ड्राइव्हचा खण बाहेर आला. सलिलनी दोन्ही हातांनी ती उचलली, आणि उचलता उचलता तिचे दोन अर्धे होऊन त्यांच्या दोन तळव्यांवर राहिले. माझी नोंद पडद्यावर उघडीच होती. त्या सपाट आवाजाने वाचले: सीडी एकोणचाळीस, चार सेकंद वाचता आले नाहीत, जागा रिकामी ठेवली. हेमा आत येऊन खुर्चीत बसली. सलिलनी ते दोन अर्धे तिच्या मांडीवर ठेवले आणि केयूरला धडा सुरुवातीपासून लावायला सांगितले.

त्या आठवड्यात केयूरने माझे सगळे उघडे लिखाण वाचून काढले आणि त्यात एक दुरुस्ती केली. आता एकही तुकडा निसटला असेल तर मी हिरवी पाटी लावत नाही. किती जागा रिकाम्या राहिल्या ते मोठ्या अक्षरांत लिहितो आणि माणसाने ते वाचल्याशिवाय पुढची सीडी घेत नाही. ती दुरुस्ती त्याने मला लिहिणाऱ्यांकडे पाठवली. नऊ दिवस काही उत्तर आले नाही. दहाव्या दिवशी कुठल्याशा दूरच्या देशातून एका ओळीचे उत्तर आले की दुरुस्ती घेतली आहे आणि ती फार आधीच व्हायला हवी होती.

केयूरने आणखी एक विचारले होते. चार सेकंदांची ती पोकळी भरता येईल, आजूबाजूचे सूर घेऊन अशी जोडता येईल की कुणाला कळणारही नाही. सलिल नको म्हणाले.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचा तरी आवाज सीडीवर, कॅसेटवर, जुन्या फोनमध्ये पडून असेल. तो उतरवून घ्या, उशीर करू नका. उतरवलेला आवाज शेवटपर्यंत ऐका, नुसता पहिला मिनिटभर नको. आणि ऐकून होईपर्यंत मूळची वस्तू घराबाहेर जाऊ देऊ नका.

गुरुवारी संध्याकाळी बिबवेवाडीच्या त्या छोट्या खोलीत सलिलचा क्लास भरला. सतरंजीवर सहा जणी दाटीने बसल्या. सलिलनी एकोणचाळिसावीतला अंतरा लावला. बाईंचा आवाज वर चढत गेला, एका सुरावर थांबला, आणि मग काहीच आले नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होते, ते ऐकू आले. मग बाई पुन्हा आल्या, वेगळ्याच सुरावर, जणू मध्ये काही घडलेच नाही.

मुलींना वाटले, फाईल बिघडली. सलिलनी ती थांबवली.

"बाई इथून निघाल्या आणि तिथे पोचल्या," ते म्हणाले. "मधली जागा काय होती ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. आता तुम्ही जाऊन बघा."

कुणी पुढे होईना. शेवटी स्पृहा नावाच्या मुलीने विचारले, चुकलं तर, सर? सलिल म्हणाले, चुकेलच. आणि त्यांनी अंतरा पुन्हा सुरुवातीपासून लावला.

बाई वर चढल्या, सुरावर थांबल्या. शांतता आली. स्पृहाने डोळे मिटून श्वास घेतला आणि त्या रिकाम्या जागेत पाऊल टाकले.